पाचवीच्या वर्गात सिंधमधून आलेला मुलगा, आणि त्याला खेळायला न घेणारी आमची गुणी पोरं

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. बरेच दिवस रोमात होते (नुसतीच वाचत होते), आज विचारायचंच म्हणून लिहितेय.

माझा मुलगा सांगलीत मराठी शाळेत पाचवीला आहे. गणपती झाल्यावर त्यांच्या वर्गात एक नवा मुलगा आला. कुटुंब पाकिस्तानातलं, सिंधमधल्या घोटकीकडचं. हिंदू आहेत. तिथलं घरदार आवरून आलेत, परत जायचं नाही असं ठरवूनच. वडील इथे नात्यातल्या कुणाच्या तरी कापडदुकानात बसतात. मुलाला हिंदी समजतं, थोडं बोलतोही. मराठीचा गंध नाही. (मुलाचं आणि शाळेचं नाव लिहिणार नाही. कृपया विपूतही, म्हणजे माझ्या विचारपुशीतही, विचारू नये.)

शाळेने अगदी मनापासून स्वागत केलं. प्रार्थनेच्या वेळी पुढे बोलावलं, गुलाबाचं फूल दिलं, फोटो काढला. मग 'याने फार सोसलंय, हा आपला पाहुणा आहे, याला कुणी दुखवायचं नाही' असं छोटंसं भाषण झालं. पोरांनी ते तंतोतंत पाळलं. त्याने पेन्सिल मागितली की तिघे पुढे करतात. डब्यातला लाडू देतात. पण मधल्या सुट्टीत तो नळाशेजारच्या कट्ट्यावर एकटाच असतो.

लेकाला विचारलं, क्रिकेटमध्ये का नाही रे घेत त्याला? तर म्हणाला, "आई, त्याला आउट दिलं आणि तो रडला तर बाई आम्हालाच ओरडणार. त्यापेक्षा नकोच."

वर्गातले दोघे-तिघे त्याला मागून 'ए पाकिस्तानी' म्हणतात हेही कळलं. आशिया कपच्या वेळी 'तुझा सपोर्ट कुणाला' म्हणून घेरलं होतं म्हणे.

तर प्रश्न असा, की यात मोठ्यांनी काही करावं, का पोरांचं पोरांवर सोडून द्यावं? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

पक्या_विश्रामबाग
पहिल्याच बॉलला आउट द्या. विषय संपला.

अजून_एक_सुनीता
पक्या, हसून हसून गडबडा लोळले. पण सपोर्टच्या प्रश्नाला त्याने उत्तर काय दिलं ते सांगा की!

कृष्णाकाठची
सुनीता, लेकाने सांगितलेलं जसंच्या तसं देते: "पहले बॅटिंग दो, फिर बताऊँगा."

पक्या_विश्रामबाग
हा पोरगा सांगलीत पास आहे. सर्टिफिकेट माझ्याकडून.

मिरजेची_ताई
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, कारखान्याच्या भागात. आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे बीडकडची ऊसतोड कुटुंबं येतात आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत जातात. काही पोरं शिक्षण हमी कार्ड घेऊन येतात, काहींकडे तेही नसतं. त्यामुळे भर सत्रात नवं मूल येणं हे आम्हाला नेहमीचंच.

माझ्या मते घोळ त्या 'पाहुणा' शब्दापाशी झालाय. पाहुण्याला आपण काम सांगत नाही, म्हणून तो पाहुणाच राहतो. माझ्या वर्गात नवं पोर आलं की दुसऱ्या दिवसापासून खिचडीच्या ताटल्या त्याच्या ताब्यात. ताटल्या मोजायला भाषा येण्याची गरज नसते, आणि जेवणाच्या सुट्टीत अख्खी रांग त्याच्यासमोर उभी. कुणी दोन उचलल्या की त्याला ओरडावंच लागतं. आठवडाभरात सगळ्या शाळेला त्याचं नाव माहीत होतं आणि त्याला सगळ्या शाळेतले लबाड माहीत होतात.

अजून एक. अशा मुलाला हमखास वर्गातल्या हुशार, शहाण्या मुलाशेजारी बसवतात. तसं करू नये. हुशार पोर त्याचं मास्तर होऊन बसतं. अखंड बडबड करणारं पोर बघा आणि त्याच्याशेजारी बसवा. शिवाय शाळा सुटल्यावर त्याच्या वाटेने कोण जातं तेही पाहा. दोस्तीचं निम्मं काम तिथे होतं, बाईंसमोर नाही.

बाईंशी जरूर बोला, फक्त तक्रारीच्या सुरात नको. त्यांनी जे केलं ते चांगल्या मनानेच केलंय.

हळद_पेठ
राग मानू नका, पण मला हे सगळं अति वाटतं. दहा वर्षांच्या पोरांवर जगाचा भार कशाला टाकताय? दोस्ती ठरवून होत नाही. आमच्या वर्गात मला न आवडणारी पोरं होती, त्यांच्याशी मी नाही खेळलो, आणि त्यांचंही काही अडलं नाही.

आणि ताई, तुमच्या त्या ऊसतोडीच्या पोरांना गावातली किती पोरं खेळायला घेतात हो? त्यांच्यासाठी कुणी धागा काढलेला मला तरी आठवत नाही. परदेशातून आला की गुलाबाचं फूल, बीडवरून आला की मागचा बाक.

मिरजेची_ताई
फुलाचं खरं आहे. मागच्या बाकाचं माझ्या वर्गात तरी नाही, केव्हाही या बघायला. गावातली पोरं सुरुवातीला घेत नाहीत हेही खरं. पण ऊसतोडीची पोरं एका टोळीबरोबर पाच-सहा येतात, त्यांचं आपसात जमलेलं असतं. इथे हा एकटा आहे.

शंकासुर
हळद_पेठ यांच्या दुसऱ्या परिच्छेदाला +१. पहिल्याला नाही. 'त्यांचंही काही अडलं नाही' हे त्यांना विचारून लिहिलंय का?

कोयनेचा_नातू
आमचं मूळ गाव कोयनेच्या जलाशयाखाली गेलं. आजोबांना सांगली जिल्ह्यात जमीन मिळाली, वडील तेव्हा तिसरी-चौथीत. निर्वासित नव्हे, धरणग्रस्त. पण वर्गात बसणाऱ्या पोराला त्यात फारसा फरक वाटत नसावा. डोंगरातला हेल वेगळा, त्यामुळे तोंड उघडलं की वर्ग हसायचा. 'ए कोयनावाल्या' हेच नाव पडलं होतं.

वडील सांगतात, त्या चिडवण्याचं त्यांना एवढं काही नव्हतं. तेही दोन शिव्या हासडायचे. मग ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला. आमचे काही नातेवाईक वरच्या अंगाला राहिले होते, त्यांची घरं पडली. दुसऱ्या दिवसापासून शाळेत सगळे वडिलांशी हळू आवाजात बोलायला लागले. कुणी चिडवेना, कुणी ढकलेना, मास्तरांनी छडी बंद केली. "मी खरा परका तेव्हा झालो," असं ते आजही म्हणतात. काही दिवसांनी गणित चुकलं म्हणून मास्तरांनी पुन्हा हातावर दिली तेव्हा घरी येऊन आजीला हसत सांगितलं म्हणे.

(छडीचं समर्थन करत नाहीये. आधीच लिहून ठेवतो, नाहीतर पुढचे दहा प्रतिसाद त्यावरच येतील.)

अजून_एक_सुनीता
कोयनेचा_नातू, सुरेख लिहिलंय. यावर वेगळा लेख येऊ द्या.

वळिवडे_लाईन
आपल्या भागाला हे नवं नाही. सांगली-मिरजेहून रेल्वेने कोल्हापूरला जाताना रुकडीच्या पुढे वळिवडे लागतं. दुसऱ्या महायुद्धात तिथे पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती, १९४३ ते १९४८. साधारण पाच हजार माणसं, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. रशियनांनी त्यांना पोलंडमधून उचलून सायबेरियात नेलं होतं. तिथून सुटून इराण, मग बोटीने कराची आणि पुढे रेल्वेने इथवर. म्हणजे तुमच्या या मुलासारखीच तीही सिंधमार्गे आलेली! नवानगरच्या जामसाहेबांनी त्याआधीच, १९४२ ला, बालाचडीत पोलिश मुलांना आसरा दिला होता. ते सगळ्यांना माहीत असतं, वळिवडे मात्र आपल्या लोकांना सांगावं लागतं.

साताऱ्याच्या मंडळींसाठी: पाचगणीतही त्यांच्या आजारी मुलांची सोय केली होती, हवा चांगली म्हणून.

माझी आजी तिकडचीच. छावणीच्या बाजारात भाजी द्यायला जायची. सांगायची की ती गोरी पोरं मराठीत भाव करायला शिकली होती आणि दोन पैशांसाठी हुज्जत घालायची.

शंकासुर
माहिती छान, पण इथे ती लागू पडत नाही. पोलिश मुलांच्या शाळा छावणीतच होत्या, शिक्षक त्यांचे, भाषा त्यांची. चर्च, स्काउट, नाटकं, सगळं आत. शेजारच्या गावातल्या पोराच्या बाकावर कुणी येऊन बसलं नाही. पाच हजार जण एकत्र असले की त्यांना आपली गरज भाजीपुरती. धागाकर्तीचा प्रश्न बरोबर उलटा आहे.

वळिवडे_लाईन
मान्य. तरी हुज्जतीचा मुद्दा सोडत नाही. पोरं बोलायला लागली ती बाजारात.

भडंगप्रेमी
सगळं वाचलं. मुख्य प्रश्न कुणी विचारलाच नाही: त्याच्या डब्यात काय असतं? सिंधी घर म्हणजे कोकी असणार. कोकी आणि लोणचं. आमच्या शाळेत असं पोर असतं तर कट्ट्यावर एकटं बसायची त्याची टाप नव्हती, डबा प्रार्थनेलाच संपला असता.

कृष्णाकाठची
भडंगप्रेमी, कोकीच असते, कांदा आणि अनारदाणा घातलेली. लेकाला एकदा तुकडा मिळाला तेव्हापासून मला 'आई तशी जाड पोळी कर' चाललंय.

अजून_एक_सुनीता
कोकीची कृती द्या ना कुणीतरी. माझी दर वेळी दगड होते.

भडंगप्रेमी
मोहन कमी पडत असणार. आणि आधी अर्धी कच्ची भाजून घ्यायची, मग पुन्हा लाटून...

संपादक
पाककृतींसाठी वेगळा विभाग आहे. (कृती तिकडे टाकल्यावर दुवा मलाही द्या.)

गांधीनगरचा_सिंधी
मी गेले दोन दिवस वाचतोय. लिहू की नको असं चाललं होतं.

वर ज्या छावणीचा उल्लेख आला, पोलिश मंडळी गेल्यावर त्याच बराकींत फाळणीनंतर आलेले सिंधी राहिले. तेच कोल्हापूरजवळचं आजचं गांधीनगर. आमचे आजोबा त्यातलेच. मी मराठी शाळेत शिकलो, माझी मुलं इंग्रजी शाळेत जातात. घरी सिंधी बोलतो ते फक्त आईशी.

अलीकडे आलेली काही कुटुंबं ओळखीची आहेत, म्हणून त्या पोराच्या घरी काय चालू असेल याचा अंदाज सांगतो. ही मंडळी व्हिसावर येतात, मग दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी, म्हणजे एलटीव्हीसाठी अर्ज करतात. तो मुदत संपली की वाढवून घ्यायचा. पोलिसांच्या परकीय नागरिक नोंदणीकडे हजेरी. नागरिकत्व त्याच्या पुष्कळ पुढे. एप्रिल २०२५ ला पहलगामचा हल्ला झाला आणि पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. हिंदूंचे एलटीव्ही चालू राहतील असं सरकारने सांगितलं, पण ते कळेपर्यंत लोकांनी बॅगा भरून दारात ठेवल्या होत्या.

अशा घरात पोराला रोज सकाळी एकच गोष्ट सांगतात. कुणाशी भांडू नको, कुणाला उलट बोलू नको, आपले कागद अजून व्हायचेत. आता बघा, तुमची पोरं त्याला आउट द्यायला घाबरतात, आणि तो 'आउट नाही' म्हणायला घाबरतो. खेळ होणार कसा?

त्यामुळे नुसतं शाळेत सांगून भागायचं नाही. त्याच्या आईवडिलांनाही कुणीतरी सांगायला हवं, की पोरांच्या भांडणामुळे कागद अडत नाहीत. हे एखाद्या सिंधी माणसाने सांगितलं तर लवकर पटेल. सांगलीतही आपले लोक आहेत. हवं तर मला विपू करा.

अवांतर: क्रिकेट नाही जमलं तर विटीदांडू काढा. सिंधमध्ये 'इटी-डकर' नावाने तोच खेळ गल्लोगल्ली चालतो. नियम मात्र वेगळे, भांडण नक्की.

कृष्णाकाठची
गांधीनगरचा_सिंधी, खूप आभार. घरातून त्याला काय सांगितलं जात असेल हा विचारच मनात आला नव्हता. विपू केलीय.

तुमच्या प्रतिसादावरून एक विचारते. सहामाहीआधी बाईंनी वह्या तपासल्या तेव्हा त्याची भाषेची वही कोरी म्हणून बाजूला काढली. शेरा लिहायला पेन उचललं, तेवढ्यात त्याच्या बाकावरच्या मुलाने वही पालथी केली. मागच्या पानापासून आठ-दहा पानं भरलेली, एकसारखं बारीक अक्षर, समासही आखलेला, फक्त उजवीकडे. बाईंना एक अक्षर वाचता येईना. ही त्यांची लिपी का?

गांधीनगरचा_सिंधी
हो. सिंधमधल्या सरकारी शाळांत सिंधी अरबी वळणाच्या लिपीत शिकवतात. ५२ अक्षरं, उजवीकडून डावीकडे. चौथीपर्यंत तिथे शिकलेला मुलगा चांगला लिहिता-वाचता असतो. इथे येऊन त्याला एकदम अडाणी ठरवतात ते त्याला जास्त लागतं. भारतात सिंधी देवनागरीतही लिहितात, आमच्या पिढीला तीच येते. खरं सांगायचं तर त्याची वही मलाही वाचता येणार नाही, आईला येईल.

बाईंना म्हणावं, कोरी वही असा शेरा नको. गणिताची वही बघा, तिथे कळेल पोर कितपत आहे.

मिरजेची_ताई
याला जोरदार अनुमोदन. शिक्षण हक्क कायद्यात वयानुसार वर्गात बसवायचं आणि मागे पडलेल्या भागासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं अशी तरतूद आहे. पण प्रत्यक्षात 'वाचता येत नाही' म्हणून पोर चौथीत ढकला, तिसरीत ढकला, असे सल्ले येतात. तसं कुणी सुचवलं तर ऐकू नका. स्वतःपेक्षा दोन वर्षांनी लहान पोरांत बसवलं की दोस्ती विसरा.

पूर_पाहिलेला
ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. आमचं घर गावभागात, तळमजला गेला. आम्ही एका मंगल कार्यालयात होतो, मी तेव्हा सातवीत. मदत द्यायला आलेले लोक चांगले होते, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण बिस्किटाचा पुडा हातात देऊन तो सोडायचे नाहीत. फोटो निघेपर्यंत पुड्याचं एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. तो फोटो नंतर कुणाच्या तरी स्टेटसवर माझ्या वर्गातल्या पोरांनी पाहिला.

त्या मुलाचा गुलाबाच्या फुलाचा फोटो शाळेच्या फेसबुकवर असेल तर तेवढा काढायला सांगा. बाकी काही नाही केलं तरी चालेल.

कृष्णाकाठची
आहे. सांगते.

शंकासुर
काढायलाच हवा, आणि फक्त भावनेसाठी नाही. ज्यांचे नातेवाईक अजून पलीकडे आहेत, त्यांचा चेहरा-नाव-गाव असं सार्वजनिक करू नये.

स्पष्टवक्ता
इतके प्रतिसाद झाले आणि सीएएवर एक शब्द नाही? या कायद्याला ज्यांनी विरोध केला त्यांनी आता या मुलाच्या डोळ्यांत बघून

पक्या_विश्रामबाग
आला, आला. पॉपकॉर्न घ्या रे.

संपादक
राजकारणाचा विभाग वेगळा आहे. इथले तीन प्रतिसाद उडवले आहेत आणि एक अर्धा ठेवला आहे, नमुना म्हणून.

कोर्टाची_पायरी
भांडण नको, माहितीपुरतं सांगते. वकिली करते, मिरजेत. सीएए म्हणजे नागरिकत्व कायद्याची २०१९ ची दुरुस्ती, तिच्यात ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आलेल्यांचा समावेश आहे. हे कुटुंब आत्ता आलंय, त्यामुळे त्यांचा मार्ग नेहमीचा: एलटीव्ही, मग वास्तव्याची वर्षं भरून अर्ज. आणि १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर भारताने सही केलेली नाही, त्यामुळे 'निर्वासित' म्हणून वेगळा दर्जा देणारा कायदा आपल्याकडे नाही. धाग्यात शब्द वापरायला हरकत नाही, शाळेच्या कागदावर लिहू नका.

शाळेपुरतं महत्त्वाचं हे: शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांना आहे. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि मुदत उलटून गेली म्हणूनही नाही. जुन्या शाळेचा दाखला पाकिस्तानातून येईपर्यंत थांबवणं चुकीचं.

मिरजेची_ताई
वकीलबाई, तुमचा कायदा पोर्टलला सांगा ना! आधार नंबर टाकल्याशिवाय पोर आमच्या संगणकात दिसत नाही, आणि आधार नसलेली पोरं संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे त्या हिशेबात, धरत नाहीत. मुख्याध्यापक कटकट करतात ती मुलामुळे नव्हे, त्यामुळे.

कोर्टाची_पायरी
२०१६ मध्ये केंद्राने एलटीव्हीवर राहणाऱ्या पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातल्या अल्पसंख्याकांना पॅन, आधार, बँक खातं, वाहन परवाना अशा सोयी दिल्यात. एलटीव्ही हातात आला की आधार काढायला सांगा, मुख्याध्यापकांचा आवाज खाली येईल.

सातारकर_वहिनी
सगळे 'खेळू द्या, भांडू द्या' म्हणताय ते ठीक. पण 'ए पाकिस्तानी' याकडे कुणी वळलंच नाही. ते पोरांवर सोडून चालणार नाही. रनआउटवरून भांडण आणि हे, यात फरक आहे. आधीच्या भांडणात तो जिंकू शकतो, यात नाही. ज्या देशातून घर सोडून आले त्याच देशाच्या नावाने इथे हाक मारायची, म्हणजे त्या पोराने जायचं कुठे?

माझ्या भाच्याच्या वर्गात ईशान्येकडून आलेली मुलगी होती, तिला 'चिनी' म्हणायचे. तिच्या बाईंनी वर्गासमोर व्याख्यान दिलं नाही. चिडवणाऱ्या चौघांना एकेकटं बोलावलं आणि विचारलं, 'तिचं नाव काय?' दोघांना माहीतच नव्हतं. 'उद्या येताना तिच्याकडून विचारून या, पूर्ण नाव, आणि मला लिहून दाखवा.' पहिल्या दिवशी त्यांनी स्पेलिंग चुकवलं म्हणून परत पाठवलं. नंतर तिला नावानेच हाक मारायला लागले. लगेच गळ्यात गळे घातले असं नाही, पण ते थांबलं.

हळद_पेठ
वहिनी, हे पटलं. चिडवणं थांबवणं हे मोठ्यांचं काम, यात वाद नाही. दोस्ती लावून देणं हे मोठ्यांचं काम नाही, एवढंच माझं म्हणणं होतं. त्यावर मी ठाम आहे.

तळ्याकाठी_बसलेला
दर हिवाळ्यात आपल्याकडे तिबेटी स्वेटरवाले येतात, बरेचसे कर्नाटकातल्या मुंडगोडच्या वसाहतीतले. १९६६ पासूनची वसाहत ती. मी लहानपणापासून त्यांच्याकडून स्वेटर घेतोय, पासष्ट रुपयांपासून. घासाघीस सोडून एक वाक्य कधी बोललो नाही. धागा वाचताना हे आठवलं. बाकी चालू द्या.

कृष्णाकाठची
मधे सहामाही, दिवाळी झाली, म्हणून उशीर. ताजी खबर देते.

तो फोटो फेसबुकवरून काढून टाकला. बाईंशी बोलले, ताईंनी सांगितल्याप्रमाणे तक्रार न करता. बाई म्हणाल्या, 'मलाही कळत होतं काहीतरी चुकतंय, पण आता मीच पाहुणा म्हटलंय तर मागे कसं घेऊ.' नावाची युक्ती त्यांना फार आवडली, केली. त्यातला एक जण नाव लिहून आणायला गेला तो त्या मुलाकडून स्वतःचं नाव सिंधीत लिहून घेऊन आला. मग बाकीच्यांनाही हवं झालं. वर्गात निम्म्या पोरांच्या हातावर पेनाने उजवीकडून लिहिलेली नावं, बाई म्हणाल्या धुवायला लावली तेव्हा अर्धा तास गेला.

तरी क्रिकेटमध्ये अजून तो नियमित नाही. जमलं ते रिक्षात. त्याच्या रिक्षात सहावीतली दोन पोरं आणि आमच्या वर्गातला एक नामांकित वात्रट आहे. रिक्षावाले काका गाणी लावतात, पोरं त्यावर ओरडतात, तिथे ना बाई ना भाषण. आता त्या वात्रटाबरोबर हा पठ्ठ्या मधल्या सुट्टीत शाळेच्या मागच्या भिंतीवर चढताना सापडला आणि दोघांना एकत्र शिक्षा झाली. घरी कळल्यावर त्याची आई रडवेली झाली, गांधीनगरच्या भाऊंनी त्यांच्या आईंना फोन लावून दिला आणि दोघी तासभर सिंधीत बोलल्या. काय बोलल्या ठाऊक नाही. पण दुसऱ्या दिवशी ती मला गेटवर हसून भेटली.

माझ्या लेकाशी त्याचं फार काही जमलेलं नाही. लेक म्हणतो, 'तो त्या वात्रटाच्या पार्टीत आहे, आमच्या नाही.' मी तो नाद सोडला.

पक्या_विश्रामबाग
त्या रिक्षावाल्या काकांना सत्काराला बोलवा. फूल नको, डिझेलचे पैसे द्या.

हळद_पेठ
बघा. ठरवून नाही होत.

मिरजेची_ताई
बाईंनी नावं लिहायला धाडलं नसतं तर रिक्षात तो 'पाकिस्तानी'च राहिला असता, हळदसाहेब. रिक्षात तोच वात्रट होता.

कृष्णाकाठची
ताई, बरोबर ओळखलंत, नाव लिहून घेणारा तोच.

आता एक नवीन अडचण. त्याची आई वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहे, पण सूचना सगळ्या मराठीत. परवा पांढरे बूट सांगितले होते, पोर काळे घालून आलं. मी आता रोजची सूचना हिंदीत बोलून तिला व्हॉइस मेसेज करते. पण जानेवारीत सहल आहे, पन्हाळा किंवा बदामी, अजून ठरायचंय. संमतीपत्राच्या मराठी चिठ्ठीवर सही करायला ती घाबरते. म्हणते, बाहेरगावी जायला पोलिसांना विचारावं लागेल. खरं आहे का हे?

कोर्टाची_पायरी
त्यांचा एलटीव्ही झालाय की अजून अर्जच आहे, ते आधी विचारा. २०१६ च्या त्याच सवलतींत, एलटीव्ही असलेल्यांना राहत्या राज्यात फिरायची मोकळीक आहे. म्हणजे पन्हाळा चालेल. बदामी कर्नाटकात, तिथे न्यायचं तर आधी परवानगी. अर्ज अजून मंजूर नसेल तर पन्हाळ्यासाठीही नोंदणी कार्यालयात एकदा विचारून घ्या, आणि तोंडी नको, शाळेच्या लेटरहेडवर अर्ज देऊन पोच घ्या.

बाईंना सांगून सहल पन्हाळ्यालाच ठरवा ना. एका पोरासाठी म्हणून नव्हे, बदामीला जाऊन-येऊन पोरं ओकतात.

गांधीनगरचा_सिंधी
चिठ्ठीचा फोटो मला पाठवा, आईकडून सिंधीत लिहून घेऊन देतो. पन्हाळ्याला जाताना बस कोल्हापुरातून जाणार असेल तर वेळ कळवा, कोकी घेऊन नाक्यावर उभा राहतो. भडंगप्रेमींची मागणी मान्य होणार नाही, फक्त मुलांना.